पानावरची पांढरी वाट

कळी दिसली की आत्या ती नखाने खुडून टाकायची. रागाने नाही, अगदी निवांतपणे, शेंगेतला किडका दाणा बाजूला काढावा तशी. बघणाऱ्याचा जीव कळवळायचा, कारण स्लिपर ऑर्किड लोक वाढवतात ते फुलासाठी. वर्षभर वाट बघायची आणि मग एकदाचं ते फूल येतं. पुढे चपलेच्या तोंडासारखी पिशवी, दोन्ही बाजूंना मिशा, मिशांवर चामखिळी. आत्याच्या मते ते फूल म्हणजे निवृत्तीला टेकलेला हेडक्लार्क. "फुलासाठी झाड वाढवणं म्हणजे पगारासाठी लग्न करणं," असं ती म्हणायची. तिने लग्न केलंच नव्हतं, त्यामुळे या विषयावर तिचं मत ठाम होतं.

तिचा जीव पानांवर. भूमापनाच्या कार्यालयात ती नकाशे काढायची. लोकांच्या जमिनींचे बांध, वाटा आणि विहिरी कागदावर उतरवण्यात तिचं आयुष्य गेलं. ही पानं तिला ओळखीची वाटली असणार. गडद हिरव्या अंगावर फिकट, राखाडी चौकटी. काही झाडांवर इतक्या बारीक की नाक लावल्याशिवाय दिसत नाहीत, काहींवर ऐसपैस. पान उलटं केलं की खालून गर्द जांभळे ठिपके, कुणी मुद्दाम लपवून ठेवल्यासारखे. फूल काही आठवडे पाहुणचार घेऊन निघून जातं, पान बारा महिने घरात असतं. शिवाय नवीन पान उघडताना त्यावर काय निघेल हे आधी कुणालाच सांगता येत नाही. एकदा ही चटक लागली की माणूस सकाळी तोंड धुवायच्या आधी कुंड्यांपाशी जाऊन उभा राहतो.

लहानपणी ती माझं बोट धरून पानावरून फिरवायची. "हा बांध. ही वाट. इथून पुढे दुसऱ्याची हद्द." आत्याने माझा हात हातात घेतल्याच्या माझ्या आठवणी एवढ्याच आहेत.

आई गेल्यावर वडिलांनी मला तिच्याकडे आणून सोडलं आणि पुढे ते पाहुण्यासारखे येत-जात राहिले. आत्याने मला वाढवलं, शिकवलं, दातांच्या लॅबमधलं कवळ्या आणि कॅप बनवायचं काम मिळाल्यावर पहिल्या दिवशी डबा भरून दिला. पण गोड शब्द? तो तिच्या तोंडात बसतच नव्हता. मी वर्गात पहिली आले तर "ठीक आहे." हात मोडला तर "पाय शाबूत आहेत ना, मग चाल." माझ्या लग्नात ती माझ्या कानाशी आली, मला वाटलं आता काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "पदर नीट घे, गाढव कुठली."

हे तोंड मी तिच्याकडूनच उचललं. लॅबमध्ये मला कुणी सहसा उलट उत्तर देत नाही, आणि माझा नवरा म्हणतो, "आत्याबाईंनी स्वतःच्या जिभेचा फुटवा काढून तुला लावलाय." मी त्याला कधी प्रेमाने हाक मारल्याचं त्यालाही आठवत नाही, मलाही नाही. आमचं तसं बरं चाललं होतं. दोघांनाही सवय झाली होती.

मग आत्या आजारी पडली आणि गोड झाली.

सुरुवातीला आम्हाला वाटलं, वय झालं. ती एकदा फोनवर मला म्हणाली, "तुझा आवाज ऐकला की बरं वाटतं गं," आणि मी घाबरून रिक्षा करून तिच्याकडे पोचले. घर जागच्या जागी होतं, आत्याही जागच्या जागी होती, फक्त तिच्या चेहऱ्यावरचा ताठा कुणीतरी पुसून काढला होता. तिने माझ्या गालावरून हात फिरवला. मी चाळिशी ओलांडलेली बाई, दारात उभी राहून रडले.

डॉक्टरांनी मेंदूचा फोटो दाखवला आणि पुढच्या भागावर बोट ठेवलं. "हा त्यांचा स्वभाव नाही, आजार आहे," ते म्हणाले. "इथे झीज झाली की माणूस बदलतो. बहुतेक जण शिवीगाळ करायला लागतात. तुमचं नशीब चांगलं, या मऊ झाल्या."

"म्हणजे आधीची खरी आणि ही खोटी?" मी विचारलं.

"खरं-खोटं मला सांगता येणार नाही. आजारामुळे आहे, एवढं सांगतो."

त्यांना एक सणसणीत उत्तर द्यावं असं मनात आलं होतं. पण नवऱ्याने माझा दंड धरून ठेवला होता.

आम्ही आमचं बिऱ्हाड आत्याच्या घरी हलवलं. मागच्या बाजूला तिची काचेची गॅलरी होती, उभ्या मांडण्यांवर कुंड्या, कोपऱ्यात वेताची खुर्ची. लॅबमधून दुपारी लवकर सुटून मी तिच्यापाशी बसायचे. तिला झाडं उपसायचा नादच लागला होता. रोज काही कुंड्या खाली घ्यायच्या, झाड अलगद बाहेर काढायचं, कुजलेली मुळं कापायची, मातीऐवजी झाडाची ताजी साल आणि कोळशाचे तुकडे भरायचे, फुटवा मोठा झाला असेल तर वेगळा काढायचा. हात तेवढे शाबूत होते. आणि तोंडाने एकसारखं बोलणं. "बस गं जरा. दमलीस ना. तू होतीस म्हणून मी माणसात राहिले, नाहीतर कार्यालय ते घर आणि घर ते कार्यालय करत सुकून गेले असते. तुला सांगायचं राहूनच गेलं." मी कुंड्या धरून बसायचे. हातांना ओली साल चिकटलेली असायची आणि मला तिथून उठावंसं वाटायचं नाही. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुखाच्या दुपारी त्याच.

थोरलीचं ते पान त्याच दिवसांत उघडलं. थोरली म्हणजे आत्याचं पहिलं झाड. पसरट, भारदस्त, चौकटी अगदी आखीव. नवीन पान उलगडलं तेव्हा मधोमध, शिरेच्या बाजूने, एक पांढुरकी रेघ वळणं घेत गेली होती. चौकटींना न जुमानता, पार टोकापर्यंत. आत्याने माझं बोट धरून त्या रेघेवर ठेवलं. "ही वाट नवीन आहे," ती म्हणाली. "ही नकाशात नव्हती. तुझ्यासाठी काढली."

थंडी संपता संपता ती गेली. शेवटी बोलणं बंद झालं होतं, फक्त बघायची.

लोक सांत्वनाला आले ते तिच्या कडक शिस्तीबद्दल बोलून गेले. माझ्या मनात एकच गोष्ट घर करून होती. त्या दुपारांत जे माझ्याशी बोललं ती आत्याच असावी, आजार नसावा. बाकी जगाने काहीही म्हणावं. आणि याचा पुरावा म्हणून माझ्याकडे होती ती थोरली. तिचं पुढचं पानही पांढरी वाट घेऊन आलं. त्याच्या पुढचंही.

आता जे सांगते त्यावर हसायचं असेल तर हसा. आठवणं आणि ऐकू येणं यातला फरक मला कळतो; दिवसभर मी दातांच्या रंगातल्या छटा जुळवते, मला भास विकत घ्यायची हौस नाही. पण त्या गॅलरीत, दुपारच्या उन्हात, मला आत्या ऐकू यायला लागली. "बस गं जरा," खुर्चीच्या बाजूने यायचं. वेत करकरायचा, तसा तो कुणी बसलं की करकरतो. पाणी घालायच्या झारीची चोच ओली असायची, मी हात लावायच्या आधी. एकदा बघते तर थोरलीची पानं पुसून लख्ख केलेली, बाकी मांडणीवर तशीच धूळ. मी नवऱ्याला विचारलं.

"मी? अगं, मी माझा चष्मा पुसत नाही," तो म्हणाला. मग माझ्याकडे जरा वेळ बघून त्याने विषय बदलला.

मला भीती वाटली नाही. उलट, आता दुपारी घरी असायचे ती फक्त रविवारी, म्हणून मी रविवारची वाट बघायला लागले.

नर्सरीवाले काका आले ते असेच, आत्याची झाडं कशी आहेत बघायला. आत्याचे ते जुने दोस्त, म्हणजे आत्या ज्याच्याशी भांडायची असा एकमेव माणूस. वर्षानुवर्षं दोघं एकमेकांच्या झाडांना नावं ठेवत आले. मी मोठ्या तोऱ्यात त्यांना थोरलीपाशी नेलं. ही पानं बघून कुणीही वेडं होईल अशी माझी खात्री होती. शेजारची एक बाई तर फोटो काढून घेऊन गेली होती.

काका वाकले. पान उजेडासमोर धरून बघितलं, पुढचं बघितलं, मग हात मागे घेतला आणि रुमालाने बोटं पुसली.

"हे कधीपासून?"

"आत्या होती तेव्हापासून. छान आहे ना?"

"छान नाही गं," काका म्हणाले. "हा रोग आहे."

मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तुमच्याकडे अशी पानं नाहीत म्हणून तुमच्या पोटात दुखतंय, हा त्यातला सौम्य भाग. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "साध्या हिरव्या पानावर असता तर कुणालाही कळला असता. यांच्या अंगावर आधीच इतकी नक्षी असते की रोगसुद्धा दागिना वाटतो. माझीही फसगत झाली आहे पूर्वी." मग त्यांनी दुसऱ्या दिवशी तपासणीच्या पट्ट्या आणल्या.

पानाचा नखाएवढा तुकडा पिशवीतल्या पाण्यात चुरगाळायचा, त्यात पट्टी बुडवायची आणि थांबायचं. एक रेघ आली तर झाड चांगलं, दोन आल्या तर विषाणू. थोरलीच्या पट्टीवर दुसरी रेघ लगेच चढली. नवरा दारातून डोकावून म्हणाला, "दोन रेघा? अभिनंदन करू का?" माझं तोंड बघून तो आल्या पावली परत गेला.

आम्ही सगळ्या कुंड्या तपासल्या. वरच्या मांडणीवरची झाडं चांगली निघाली. खालच्या दोन्ही मांडण्या, म्हणजे त्या दुपारांत आत्याने आणि मी उपसलेलं प्रत्येक झाड, रोगट.

"एकाकडून दुसऱ्याकडे सुरीच्या पात्यावरून जातो हा," काका म्हणाले. "पण तुझी आत्या तर पातं ज्योतीवर तापवल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावायची नाही. मला शिकवलं तिने. तो स्पिरिटचा दिवा कुठे गेला?"

दिवा माळ्यावर होता. डॉक्टरांनी बजावलं होतं की पेशंटच्या हाताशी आग ठेवू नका. नवऱ्याने दिवा, काडेपेटी, सगळं उचलून वर टाकलं होतं. चुकलं कुणाचंच नव्हतं. आत्या त्या दुपारांत माझ्याशी गोड बोलत होती आणि तेच पातं एका झाडातून काढून दुसऱ्यात घालत होती. मी शेजारी बसून पुढची कुंडी हातात देत होते. ज्या दुपारी मी जपून ठेवल्या होत्या त्यांतच हे सगळं लागलं होतं.

काका पुन्हा आले ते एक कुंडी कुशीत धरून. ऑर्किड वाढवणाऱ्यांत एक रीत आहे. आपलं सगळ्यात लाडकं झाड असेल त्याचा फुटवा दुसऱ्याच्या घरी द्यायचा. दानधर्म म्हणून नाही, स्वार्थ म्हणून. आपलं मेलं तर त्याच्याकडून परत आणता येतं. आत्याने थोरलीचा फुटवा फार पूर्वी काकांकडे दिला होता, आणि हे मला माहीतसुद्धा नव्हतं.

त्यांनी दोन्ही कुंड्या शेजारी ठेवल्या. एकच झाड, दोन घरांत वाढलेलं. काकांकडच्याची पानं आखीव, करकरीत, चौकटींच्या कडा पट्टीने ओढल्यासारख्या. एकही वळण इकडचं तिकडे नाही. मला एकदम आत्याचा जुना चेहरा आठवला, कार्यालयातून घरी येऊन चप्पल काढतानाचा.

"ही घे," काका म्हणाले. "हीच तुझी खरी थोरली. ती दुसरी आजारी आहे, तिला जाळून टाक. खालच्या दोन्ही मांडण्याही. नाहीतर झारीवरून, फडक्यावरून, किड्यामुंग्यांवरून, वरच्याही जातील."

"खरी कुठली ते तुम्ही कोण ठरवणार?" मी म्हणाले. माझा आवाज चिरकला. "सगळे येतात आणि मला खरं कुठलं ते सांगून जातात!"

काकांना यातलं अर्धंच कळलं असेल. ते म्हणाले, "तुझी आत्या असती तर एव्हाना धूरसुद्धा विझला असता." ते खरं होतं. कुजलेलं, रोगट काही दिसलं की ती डोळ्यांची पापणी न लववता टाकून द्यायची. तिच्या हातून किती झाडं अशी गेली, मी बघितली आहेत.

मी खालच्या मांडण्या तशाच ठेवल्या. उद्या करू, परवा करू. खोलीतला आवाज मात्र बदलला. मऊ आत्या बोलायची बंद झाली. त्या जागी, त्याच खुर्चीच्या बाजूने, जुनी आत्या बोलायला लागली. "काय ठरलं?" एवढंच. सुरी पाट्यावर घासावी तसा तिचा तो जुना आवाज. मी पाणी घालत असले की, "खाली सांडतंय बघ." दार लावून घेतलं तर दाराआडून, "पळालीस?" मी लॅबमध्ये एका म्हातारीची कवळी चुकीच्या रंगाची करून ठेवली, आणि असं माझ्या हातून कधी होत नाही. रात्री नीट जेवणही जाईना. एक आत्या मला हाक मारत होती आणि दुसरी गप्प बसून राहिली होती, आणि जी गप्प होती तिचाच मला शोध होता.

थोरलीला मी बेडरूममध्ये आणलं. वेगळी झारी, वेगळं फडकं. नवऱ्याने पलंगाशेजारची कुंडी बघितली आणि म्हणाला, "सवत आणलीस की काय स्वतःलाच?" पण तो हसला नाही. मी चार शब्द सुनावले. तो उशी घेऊन बाहेर जाऊन झोपला.

मग वरच्या मांडणीवरचं एक रोप. बोटभर उंचीचं, आत्याने शेवटी शेवटी लावलेलं, पहिल्या तपासणीत चांगलं निघालेलं. त्याचं नवीन पान उघडलं आणि त्यावर पांढुरकी रेघ. मी काकांच्या उरलेल्या पट्टीवर तपासलं. दोन रेघा. काका फोनवर म्हणाले, आधीच लागला असेल, तेव्हा दिसला नसेल. माझं मन राखायला म्हणाले असतील. मी ते रोप तळहातावर घेऊन उभी राहिले. त्याची काही चूक नव्हती. मला एक गोष्ट खरी हवी होती म्हणून मी बाकी सगळं मारायला निघाले होते.

रविवारी दुपारी आम्ही मागच्या अंगणात पत्र्याचा डबा मांडला. खाली रद्दी, लाकडाच्या ढलप्या, वर एकेक झाड. कुंड्यांतून सोडवून टाकताना मुळं हातात येत होती, पांढरी, जाड, तरतरीत. बघणाऱ्याला रोगाची शंका यायची नाही. ही पानं पेट घेत नाहीत. मांसल असतात, सुस्कारे टाकतात, त्यांच्या कडा वळतात, आणि अगदी शेवटपर्यंत त्यांच्यावरची नक्षी दिसत राहते. धुराने आमचे डोळे चुरचुरले. नवरा एकही विनोद न करता ढलप्या सारत होता.

थोरली शेवटी राहिली. मी तिला आतून आणलं आणि डब्यापाशी उभी राहिले.

"ओलंच जाळतेस?" माझ्या मागून आत्या म्हणाली. "आधी वाळत टाकायचं असतं. अक्कल गहाण ठेवलीस की काय?"

मी वळले नाही. वळून काही दिसणार नाही हे मला माहीत होतं, आणि तिथे कुणी नाही हे मला बघायचं नव्हतं. "आत्या," मी मोठ्याने म्हणाले. नवरा ढलपी हातात धरून थांबला. "आत्या, एक सांग. त्या दुपारी बोलत होती ती तू होतीस का?"

धूर सरळ वर जात होता. मी थांबले. एवढी वर्षं सोबत राहून मी तिला कधी काही मागितलं नव्हतं, हेच एक मागितलं. तिला उत्तर येत होतं तर तिने द्यायला हवं होतं. मला राग आला, फार राग आला, आणि मग तोही ओसरला.

तिने उत्तर दिलं नाही.

मी थोरलीला डब्यात ठेवलं. पांढरी वाट असलेलं सगळ्यात नवं पान वर राहिलं. ते पेटेना. निखाऱ्यावर तडतडलं, कडेने काळं पडलं, आणि मधली रेघ तशीच चमकत राहिली. मला तिथून हलता येईना. हात पुढे जाऊन तिला बाहेर काढतील असं वाटलं, आणि बहुतेक ते निघालेही असावेत, कारण नवऱ्याने मला कोपराने मागे ढकललं आणि स्वतःच ते पान आत दाबलं. ढलपी मोडली आणि त्याचा हात डब्याच्या कडेला लागला. तो ओरडला नाही, फक्त श्वास आत ओढला.

नंतर आम्ही गॅलरी धुवून काढली. मांडण्या, फरशी, खुर्ची, सगळं. पातं तापवून पुसून ठेवलं. काकांनी दिलेली थोरली उजेडात ठेवली. तिची पानं देखणी होती आणि मला तिच्याकडे बघून काहीच वाटलं नाही. खोली स्वच्छ होती आणि रिकामी होती. मी कान देऊन उभी राहिले. वेत करकरला नाही. मऊ नाही, कडक नाही, कुठलीच आत्या तिथे नव्हती. आता मी पोरकी झाले, असं मला अगदी स्पष्ट वाटलं.

नवरा स्वयंपाकघरात नळाखाली हात धरून उभा होता. तळव्यावर लांबट फोड उठला होता. मी तिथे गेले ते त्याला झापायला. कुणी सांगितलं होतं उघड्या हाताने जायला, चिमटा काय शोभेला ठेवलाय, हे सगळं जिभेवर तयार होतं. मी त्याचा हात नळाखालून बाहेर घेतला.

"खूप दुखतंय का रे?" मी म्हणाले. "माझ्यामुळे झालं ना हे. तू मला किती सांभाळून घेतोस. मी कधी बोललेच नाही."

आवाज माझाच होता. मी तो याआधी ऐकलेला नव्हता.

नवरा हलला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, आधी गोंधळून, मग हळूहळू वेगळ्याच नजरेने. ती नजर मी ओळखली. आत्याने माझ्या गालावरून हात फिरवला तेव्हा दारात उभी राहून मी तिच्याकडे अशीच बघत होते. त्याने चांगला हात उचलून माझ्या कपाळाला लावला, ताप बघावा तसा.

"तुला बरं वाटतंय ना?" त्याने विचारलं. "डॉक्टरांकडे जायचं का?"

त्याच्या डोळ्यांत खरी भीती होती. मलाही क्षणभर भीती वाटली. मग माझ्या लक्षात आलं की माझं डोकं अगदी स्वच्छ आहे. मला दिवस माहीत होता, तारीख माहीत होती, उद्या लॅबमध्ये कुणाची कवळी पुन्हा करायची आहे ते माहीत होतं, आणि जे बोलले ते मला म्हणायचंच होतं. बरीच वर्षं म्हणायचं होतं.

"मी बरी आहे," मी म्हणाले. त्याचा विश्वास बसला नाही. मी त्याचा हात दोन्ही हातांत धरून त्यावर फुंकर घालत राहिले.